मिरचीचे हात

दोंडाईच्यात मे महिन्यात
रात्री दोनलाही भिंती भाजतात.
आमच्याकडे एकच कूलर होता, पत्र्याचा, हिरवा,
आणि त्याचं तोंड माझ्या खाटेकडे.
आई सांगायची येणाऱ्याजाणाऱ्याला,
'त्याले ऊन नही सोसस, नाजूक से तो.'

लोटन दाराशी झोपायचा, गोणपाटावर.
त्याच्याआधीची दोन गेली,
म्हणून त्याला उकिरड्यावर लोळवून आणला
आणि नाव ठेवलं लोटन.
काळाला वाटावं, हा कुणाला नकोच आहे.
काळ फसला.
मग हळूहळू घरातलेही फसले.
माझ्या वेळी भीती उरली नव्हती,
माझं नाव पंचांग बघून ठेवलं.

तो दिवसभर पथारीवर मिरची पसरायचा, देठ खुडायचा.
संध्याकाळी राखेने हात धुवायचा,
मग गोडंतेल, मग पुन्हा राख.
तरी मला शिवायचं नाही.
'डोळे जातील त्याचे,' आई ओरडायची,
आणि लोटन आपले डोळे
खांद्याला पुसत मागे सरकायचा.
रात्री कूलरच्या टाकीत पाणी ओतायला मात्र
तेच हात चालत.

बाप बाजार समितीत तोलारी.
पोतं नुसतं कलतं केलं तरी
पावशेराचा फरक त्याला कळायचा.
शनिवारी शेव आणायचा.
पुडा माझ्या हातात द्यायचा.

एका दुपारी मी गंमत म्हणून
पंख्यात काडी घातली. मोटर जळाली.
बापाने काही विचारलं नाही,
कूलरचाच पाइप ओढून काढला
आणि लोटनला ओट्यावर नेलं.
मी आतून मोजले. अकरा.
गणितात त्या वर्षी मला बक्षीस होतं.

परवा बापाच्या वर्षश्राद्धाला सुरतहून गेलो.
कूलर आता प्लास्टिकचा आहे, चाकांचा.
आईने तो आधीच माझ्याकडे वळवून ठेवलेला.
ती झोपल्यावर मी उठून
त्याचं तोंड लोटनकडे केलं.
त्याने पडल्यापडल्या, पायाने,
परत माझ्याकडे ढकललं.
'राहू दे भो. माले तो वारा नही सोसस.'

दोनच्या सुमाराला टाकी कोरडी पडली.
अंधारात बादलीची कडी वाजली, लगेच धरली गेली.
पाणी बारीक धारेने पडत राहिलं,
मला जाग येऊ नये म्हणून.

मी डोळे मिटून पडलो होतो.
तेव्हाही मी
जागाच असायचो.