ब्राउन

मंगळ बाजारातल्या हिरलनं
माझी हनुवटी उजेडाकडे वळवली:
"काळुं नहीं, बेन. तमारी आंख नरम छे."
मग स्वतःच्या मनगटावर तीन रेघा ओढल्या.
एक खारकेची. एक तांबूस, विटेकडे झुकणारी.
आणि एक, दूध घालायच्या आधी
उकळी धरलेल्या चहाची.
ती घेतली.

सकाळी, दांडिया बाजारात, आरशाला नाक लावून:
ब्रश कडेला निपटायचा,
पापणीच्या मुळाशी किंचित डुलवायचा
आणि वर सोडून द्यायचा.
एकच हात. दुसरा दिला
की नाटकाची तिसरी घंटा वाजते.
खालच्या पापण्यांना शिवायचंसुद्धा नाही.
तोंड मात्र उघडंच राहतं, का कोण जाणे.

ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही.
लिफ्टमध्ये मृण्मयी गुप्ते म्हणाली,
केस कापलेस का गं?
नव्हते कापले.

रात्री आत्या, एका डोळ्यात अजून मोतीबिंदू,
ताटावरून वर बघत म्हणाली,
"काल झोप लागलेली दिसते."
लागली नव्हती. मार्चपासून नाही.
"हो," म्हटलं, पोळी वाढली,
आणि खरोखरच जांभई आली.
विसरून डोळे चोळले.