रंग गेला म्हणजे

कुर्ल्याच्या नाल्यातून
जुलेखाने बाटली भरून आणली, तेव्हा पाणी जांभळं होतं.
वर तिच्या चुलत्याचाच कारखाना;
आज कुठला घाणा चाललाय ते तिला पाण्यावरून कळतं.
"सोमवारी काळा असतो," ती म्हणाली.
मी वहीत लिहिलं : नमुना एक, मंगळवार.

माझे बाबा लालबागच्या मिलमध्ये, रंगखात्यात.
मिल बंद पडली तरी नखांच्या मुळाशी निळं राहिलं.
शेवटची आंघोळ घातली तेव्हाही
भाऊ ते घासत होता, मी म्हटलं पुरे.

जिवाणूला अजून नाव नाही, वहीत तो क-७.
त्याला हलवायचं नाही.
फ्लास्क गळ्यापर्यंत भरून कोपऱ्यात ठेवायचा,
हवा संपत आली की तो रंगाला हात घालतो,
दोन नायट्रोजनमधली गाठ सोडवतो.
अठरा तासांत पाणी नितळ.
विभागात पेढे आले. सर म्हणाले, फोटो काढा,
आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी.

मग मी त्या पाण्यात मूग भिजवले.
काचेची बशी, गाळणकागद, वीस दाणे.
पाच दिवस.
एकालाही मोड नाही.
गाठ सुटली होती, तिचे तुकडे तिथंच होते,
फक्त आता दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात बैठक :
विज्ञानात सर्वांना समान संधी. चहा, खारी.
"आपल्याकडे असलं काही नाहीच," सर म्हणाले,
"आम्ही कुणाचं आडनावसुद्धा बघत नाही."
आणि माझ्याकडे बघून हसले.
सगळे हसले. नितळ.
मला ती बशी आठवत राहिली.

जुलेखाच्या प्लेटवर कडेला
एक पिवळट ठिपका उठला, न बोलावलेला.
नियम असा, की घाण लागली, फेकून द्या.
"मॅडम, हापण त्याच नाल्यातला ना?
राहू दे की."

ह्याला हवा लागते, भरपूर,
रात्रभर शेकरवर हिंदकळत असतो.
रंगाशी ह्याचं देणंघेणं नाही;
जांभळ्या पाण्यात एकटा सोडला तर उपाशी मरेल.
पण क-७ नं मागं टाकलेलं,
जे फोटोत येत नाही,
ते हा खातो.

परीक्षकाचा शेरा आला : कल्चर शुद्ध नाही.
मी उत्तर लिहिलं, "नाला कुठे शुद्ध आहे, साहेब,
आणि शुद्ध म्हणजे काय ते आम्हाला
तुमच्याआधीपासून ठाऊक आहे."
खोडलं.
आकडे पाठवले.

आज पाचवा दिवस. वीसातले सतरा.
पांढरे, वाकडे, एकमेकांत अडकलेले मोड.
"उसळीला पुरायचे नाहीत," जुलेखा म्हणाली,
आणि दुसऱ्यांदा मोजायला बसली.

तीन का आले नाहीत, माहीत नाही.
ते मी वेगळ्या बशीत ठेवलेत.