रापीची जाडी

फेल्गेइरासच्या कारखान्यात, दुपारी सव्वातीनला
मशीन पुन्हा अडकलं.
पडद्यावर एक गाय पसरलेली,
म्हणजे गायीचं कातडं,
चारशे बारा शिरोबिंदूंचा बहुभुज :
मानेकडे अरुंद, पोटाकडे सैल,
मागचा एक पाय उगाचच लांब.

ईल्दानं त्याला नाव दिलं होतं अ.
आणि ब म्हणजे डाग –
काटेरी तारेचा ओरखडा, गोचिडांची नक्षी,
कुण्या मालकानं तापल्या लोखंडानं उमटवलेला
सातचा आकडा, अर्धा पुसट.
लायब्ररीला एवढंच सांगायचं :
अ वजा ब.
उरेल ते चांगलं. उरेल त्याचे बूट.

इतकं सोपं असतं तर
सोमवारपासून ती इथं मुक्काम ठोकून नसती.

पहिल्या दिवशी उलटं लिहिलं गेलं, ब वजा अ.
आला तो कातड्याबाहेर सांडलेला डाग,
जो कोणत्याच गायीचा नव्हता.
दुसऱ्या दिवशी भोकं बुजली.
कडेवरून चालताना
कातडं सदा डाव्या हाताला राहिलं पाहिजे,
म्हणून बाहेरची वाट घड्याळाच्या उलट
आणि भोकाभोवतीची घड्याळासोबत.
हे तिला पाठ होतं. तरी चुकलं.
रात्री लॉजवर ती खाटेभोवती फिरून बघत होती,
एकदा अशी, एकदा तशी.

आज ओरखडा थेट काठाला जाऊन भिडलेला.
अ ची कड आणि ब ची कड एकच,
निदान डोळ्यांना एकच.
दशांशचिन्हानंतरच्या नवव्या घरात
दोघींचं पटत नव्हतं.
आणि त्या न पटण्यातून
एकाऐवजी सतरा तुकडे निघाले,
त्यातले सोळा असे की
केसही त्यांच्यापुढे दोरखंड.
मशीन बिचारं इमानी.
तेही कापायला गेलं.
पातं खाली, वर, खाली, त्याच जागी,
आणि मग ती किंकाळी.

बेल्मीरू क्विंताश तोवर मागं येऊन उभा होता.
एकसष्ट वर्षांचा. डाव्या तर्जनीला शेवटचं पेर नाही.
ते कसं गेलं ते त्यानं सांगितलं नव्हतं,
तिनं विचारलं नव्हतं.
पडद्यावर नखानं टकटक करत म्हणाला,
"या तुझ्या रेषेची जाडी किती?"

"शून्य."

तो हसला नाही.
खिशातून रापी काढून त्यानं टेबलावर ठेवली,
मूठ तळहाताच्या आकारात झिजलेली.
"हिची अर्धा मिलिमीटर. तीही नवी होती तेव्हा.
पोरी, डाग कधी डागाएवढा कापायचा नसतो.
चांगल्यातून हातचा घ्यावा लागतो."

तिला वाटलं, हे शाळेत शिकवलं होतं खरं,
पण आकड्यांबद्दल.

मग तिनं ब ला चोहीकडून फुगवलं,
अर्धा मिलिमीटर, टोकं गोल करून.
ओरखडा काठाच्या पलीकडे गेला, थेट, न घाबरता.
सगळे बिंदू दशांशातून पूर्णांकात आणले,
आणि नखाहून लहान जे जे असेल
ते मोजायचंच नाही, असं बजावलं.
अ वजा ब.
एक तुकडा. आत तीन भोकं.
तीनही घड्याळासोबत.

पातं चाललं, मऊ, भाकरी मोडल्यासारखा आवाज.

"आणि त्या ब चं काय करतेस?"
"काही नाही. फंक्शन ते परत देत नाही."
"हं," म्हणाला बेल्मीरू,
आणि वाकून, गुडघ्यावर हात टेकत,
मशीनखालच्या पिंपात त्यानं हात घातला.
बराच वेळ चाचपलं.
सातचा आकडा सापडला,
भोवती अर्धा मिलिमीटर चांगलं कातडं घेऊन.

कॉफीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता,
कोण जाणे किती वर्षं.
त्यानं तुकडा दुमडून खाली सरकवला,
टेबल हलवून पाहिलं,
पुन्हा हलवलं,
आणि तिच्याकडे न बघता
दोन कपांत कॉफी ओतली, काठोकाठ.