चार तास

मंगळवारी आणि शुक्रवारी, घाटीत, दहा ते दोन,
वच्छाक्काचं रक्त मशीनमधून फिरून येतं.
तेवढ्यात मी शहरातून फिरून येतो.
सिस्टर म्हणतात, नातेवाइकांनी बाहेर थांबा.
बाहेर म्हणजे कुठं, ते सांगत नाहीत.

वैशाखात बाहेर ही लई मोठी जागा आहे.

पहिल्या शुक्रवारी हिमायत बाग सापडली.
आंब्याखाली राखणदार बाजेवर आडवा,
गोफण उशाला, रेडिओ छातीवर.
त्याच्या घोरण्याचा अंदाज घेऊन पोपट उतरायचे.
एक उष्टी कैरी पुढ्यात पडली, ती खिशात टाकली.

पाचोडच्या एसटीत अक्का विचारते, आज कुठं गेल्तास?
मी सांगतो.
खिडकीतली झळ तोंडावर घेत ती कैरी हुंगते.
खायची नाही. आंबा बंद, केळ बंद, नारळपाणी बंद,
आणि पाणी दिवसाला दोन पेले,
तेही घरच्या त्याच स्टीलच्या पेल्यानं.

मग सिद्धार्थ उद्यान. वाघ हौदात मानेपर्यंत,
आणि जाळीला नाक लावून एक पोरगं ओरडलं,
मम्मे, वाघाला बी सुट्टी लागली!
मग मकबरा. फरशी अशी तापलेली
की सगळी माणसं टाचांवर नाचत होती,
आणि मागच्या कमानीच्या सावलीत मानवतचं एक वऱ्हाड
धपाटे सोडून बसलेलं. मला दोन दिले. चटणी तिखट होती.

गोगाबाबाच्या टेकडीवर मी भर अकराला चढलो, येड्यासारखा.
वरून घाटी दिसली.
तिची खिडकी शोधली. सगळ्या सारख्याच.
हे तिला सांगितलं नाही.

एकदा तर कुठंच गेलो नाही.
रक्तपेढीपुढच्या लिंबाखाली झोपलो, आणि तिला म्हणालो,
सलीम अली तळ्यावर बोटीत बसलो.
कंच्या रंगाची?
निळ्या.
मागल्या बारीला तर म्हनलास तिथं बोटीच न्हाईत.
मी तिकीट हातात घेऊन वाचत बसलो.

काल कुणीतरी आलं नाही, म्हणून हिचा नंबर लवकर लागला.
कोण आलं नाही ते आम्ही विचारलं नाही.
एसटी साडेतीनला.
अक्का म्हणाली, चल, दाव आता.

रिक्षावाल्यानं पाणचक्कीला तीस रुपये घेतले.
वडाखाली ती हौदाच्या काठावर टेकली.
भिंतीच्या उंचीवरून पाणी पडत होतं, पडतच होतं,
कुणी मोजत नव्हतं.
मला वाटलं, चुकलो. हिला इथं आणायला नको होतं.

डोंगरातून येतं, मी म्हणालो, जमिनीखालून,
मातीच्या नळांतून. आपल्याला दिसत नाही.
तिनं तुषारांत हात धरला, ओला तळवा मानेवर फिरवला.
मासे बघितले. एका बाईची चप्पल बघितली, किंमत विचारली.
मग पदर सारून डावा दंड पुढं केला,
जिथं डॉक्टरांनी शिरेला शीर जोडलीय, तिथं.
हात लाव, म्हणाली.

कातडीखाली बारीक घरघर.
हितं बी चालूच हाय की रं चक्की.

एसटीत मी नेहमीसारखा सांगायला लागलो,
तर म्हणाली, गप. आज मी सांगते.
आणि पाचोड येईस्तोवर त्या चपलेबद्दल बोलत राहिली.