लेश

सकाळी सहाला, म्हणजे अंधारातच,
तुकुम्मेक दार खांद्याने ढकलते.
रात्रीतून बिजागऱ्या गोठलेल्या.
कुत्री एकेक डोळा उघडतात, पुन्हा शेपटीत नाक खुपसतात.
हातात मासा नाही, भांडं आहे,
हे त्यांना पावलांवरूनच कळतं.

मापकापर्यंत एकशे चाळीस पावलं.
बाबांची एकशे दहा होती.

मापक म्हणजे खांबावरचा पत्र्याचा डबा,
भोवती लोंबत्या पट्ट्यांचं कडं, वारा अडवायला.
वारा कसला अडतोय.
डब्याच्या तोंडाशी आलेला बर्फ तो उचलून नेतो
लहान पोराच्या ताटातला घास उचलावा तसा,
आणि खाडीवरचा शिळा बर्फ, कुठल्यातरी मंगळवारचा,
आणून टाकतो, उसनं फेडल्यासारखा.
वरून काय पडलं, आणि काय नुसतंच आडवं गेलं,
कोणी सांगावं?

ती डबा बदलते, भरलेला घरात आणते.
भरलेला म्हणजे, म्हणायचं आपलं.
कॉफी उकळेपर्यंत बर्फाचं पाणी होतं.
काचेच्या नळीत ओतून ती डोळा पातळीवर आणते.
तळ ओला. आकडा नाही.
वहीत लिहिते: लेश.

शून्य लिहायचं ते काहीच पडलं नसेल तर.
हे पडलं होतं, दिव्याच्या उजेडात तिने पाहिलं होतं.
नळीला दिसलं नाही, इतकंच.

बाबांच्या, म्हणजे इमिनाच्या, एकतीस वह्या आहेत
सीलच्या कातड्यात गुंडाळलेल्या.
त्यांच्यासाठी गेल्या उन्हाळ्यात कोपनहेगनहून इंगेलीसे आली.
तिच्या संगणकात सगळा हिमप्रदेश चौकोनांत कापलेला.
"हा तुमच्या गावाचा."
त्या एका चौकोनात गाव, खाडी, हिमनदी, दफनभूमी,
आणि सगळ्यांना मिळून एक उंची, एक वारा,
दिवसाला एक आकडा.
तुकुम्मेक हसली. "आमच्या घराच्या दोन भिंतींवर
सारखा बर्फ नसतो गं."
"माहीत आहे," इंगेलीसे म्हणाली, "म्हणून तर आले."

मग पंधरा दिवस स्वयंपाकघरात
एक वाचायची, एक टाइप करायची.
आधीच्या लोकांनी म्हणे प्रत्येक लेशाचा शून्य केला होता,
यंत्राला अक्षर चालत नव्हतं म्हणून.
मोजले तर चार हजार दोनशे अठरा निघाले.
प्रत्येकाला दिला मिलिमीटरचा सात शतांश,
आणि बेरीज आली वीतभराहून जास्त पाणी.
एकतीस वर्षं हातचा धरायचाच राहिला होता.
तुकुम्मेकने टेबलावर वीत ठेवून पाहिली.
आणखी थोडं, करंगळीच्या पलीकडे.

एका फेब्रुवारीपाशी इंगेलीसे अडली.
पाच दिवस ओळीने शून्य.
"इथे तर वादळ होतं. चुकले का ते?"

तुकुम्मेक तेव्हा नऊ वर्षांची.
बाबा कमरेला दोर बांधून खिडकीतून बाहेर गेले होते,
दोराचं दुसरं टोक आईच्या मनगटाला.
दोर सैल पडला की आई श्वास धरायची.
परत आले तेव्हा भुवया पांढऱ्या, डबा रिकामा,
वाऱ्याने आतून चाटूनपुसून ठेवलेला.
"डबा रिकामा आहे," म्हणाले. "शून्य."
आई काही बोलली होती त्यावर, मोठ्याने.
"मला डब्याचं विचारलंय," बाबा म्हणाले, "माझं नाही."

पण समासात पेन्सिलीने, बारीक:
दार दिसत नाही.

इंगेलीसेने ते दोनदा वाचून घेतलं.
वाऱ्याचा वेग पाहिला, कसला तरी गुणक लावला, खोडला.
"यासाठी माझ्याकडे रकाना नाही," म्हणाली,
आणि बराच वेळ कॉफी ढवळत बसली,
साखर न घालता.

आता नोव्हेंबर. दिवस नावालाही नाही.
तुकुम्मेक नळी उपडी करून ठेवते, वही ओढते.
तारीख. वारा ईशान्येचा. लेश.
मग पेन्सिल शोधते. ती नेहमी सापडत नाही.
समासात लिहिते:
बाहीवर तीन. त्यातला एक
नीट पाहायच्या आत गेला.