पंचनामा

ठिकाण: सेंट लुईस, उत्तर भाग, लाबाडी अव्हेन्यू.
नाव फ्रेंच आहे. मी पहिला काना गाळून वाचतो.
वेळ: सकाळचे दहा.
दावा: घर चोरीला गेलं.
घरात चोरी नव्हे. घर.

आधी कुणीतरी आग लावली,
बंबाच्या पाण्याने चुना सुटला,
मग रात्रीतून विटा ट्रकमध्ये बसून दक्षिणेला गेल्या.
तिकडे श्रीमंतांच्या अंगणांना
वय हवं असतं.

घर फिरलं की वासे फिरतात, एवढं ठाऊक होतं.
इथे वासे जागेवर होते, जळके का होईना.
फिरल्या होत्या भिंती.

मालकीण: लुएला मॅकक्रेरी, वय एकाहत्तर.
पंच: तीन.
व्हर्डेल, बंद पडलेल्या लाँड्रीत चित्रं काढतो.
ओनीडा, वॉशिंग मशीनच्या गोल दारांचे मुखवटे करते.
आणि एक मुलगा,
नाव विचारलं तर दर वेळी वेगळं सांगणारा.

मी म्हटलं, तुमची ती चळवळ, स्वप्नांची, ना?
व्हर्डेल म्हणाला, स्वप्नं झोपलेल्यांची.
माझ्या आजोबांच्या गल्लीभोवती बँकेने नकाशावर
लाल रेघ ओढली, कर्ज नाकारलं.
आता तोच लाल रंग ट्रकच्या भावाने विकला जातो.
यात मी पदरचं काय घालू?
मी फक्त ब्रश धरतो. विचित्रपणा
माझ्या आधीच येऊन
खुर्ची ओढून बसलेला असतो.

आणि भविष्य? यानं, तारे, अंतराळातल्या राण्या?
ते दुसरे करतात, चांगलं करतात, ओनीडा म्हणाली.
आमच्याकडे आत्ताच इतकं आहे
की उरकत नाही.

आमच्याकडे म्हणतात, भिंतींना कान असतात.
मी सहज बोलून गेलो.
सगळे गप्प.
मग लुएला: म्हणजे ते कान
ह्यूस्टनमध्ये कुणाच्या तरी अंगणात
आमचं सत्तर वर्षांचं बोलणं घेऊन पडलेत,
बार्बेक्यूच्या धुरात
परक्यांचे वाढदिवस ऐकत.

मुलगा लगेच जमिनीला तोंड लावून काहीतरी ओरडला.
जरा थांबून म्हणाला, पोचलं.

शिल्लक: पाच दगडी पायऱ्या, चौकट, दार.
दाराला व्हर्डेलने सोनेरी वर्ख लावलाय, बिजागऱ्यांनाही.
इतका कशाला?
कमीत कमीमध्ये आम्ही पुष्कळ राहिलो, तो म्हणाला.

लुएलाने कुलूप उघडलं. किल्ली गळ्यातच होती.
दोन्ही बाजूंनी मोकळं रान,
पण बाजूने कुणी गेलं नाही.
मीही उंबऱ्यापाशी सवयीने बूट काढले.
आत गुडघाभर गवत.
बसा, ती म्हणाली,
आणि आम्ही बसलो ते नक्की कशावर,
हा रकाना माझ्या फॉर्मवर नाही.
डोक्यावर कुणाची तरी पावलं. भेंडी तळल्याचा वास.

नुकसानीची रक्कम: दोनदा लिहिली, दोनदा खोडली.
सद्यस्थिती: राहतं घर.

गाडीपाशी आलो तेव्हा हातात एकच बूट.
डावा अजून मिळालेला नाही.
काल फोनवर लुएला म्हणाली, माडीवर असेल,
बघते,
गुडघे जरा बरे वाटले की.