नोंद घेण्यात आली

गुरुवार, साडेसात. वेंगुर्ल्यात काजूच्या गोदामावरचा हॉल.
रेडकरांनी घंटा वाजवली, एकदा,
आणि पंखा बंद केल्यावर ऐकू यावी म्हणून पुन्हा एकदा.
हजर बावीस. रजेवर चार.
न कळवता गैरहजर : डॉक्टर खानोलकर, दर वेळेसारखे,
दंड दहा रुपये, दर वेळेसारखा उधार.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम.
ते मीच लिहिते. सात वर्षं झाली.
माझ्या वाक्यांत कुणीच काही करत नाही,
सगळं आपोआप होत असतं :
चष्मे वाटण्यात येतात, रक्त देण्यात येतं,
आभार मानण्यात येतात.

विषय क्रमांक चार : पाहुण्या विद्यार्थिनीचे मनोगत.
सिग्ने. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाची, सतरा वर्षांची,
सहा महिने मुजावरांकडे राहते.
बंदरावरच्या बायका तिला सगुणा म्हणतात.
फिलोमिनाबाईंनी तिला नऊवारी नेसवली होती,
निऱ्या मुठीत धरून ती जिना चढली
भरतीत होडीतून उतरावं तशी.

आम्हाला वाटलं, बर्फ दाखवेल, आकाशातले हिरवे उजेड,
शेवटी एखादं गाणं. टाळ्यांची तयारी होती.
खालून सुक्या बांगड्याचा वास आला,
तसे रेडकर 'सॉरी हां' म्हणत खिडकी लावायला उठले.
ती म्हणाली, "राहू दे. घर आलं."

मग कागदाची घडी घालून तिनं कमरेला खोचली
आणि मोडकंतोडकं, पण इथलंच बोलत विचारलं,
"कावेरी खंय बसता?"

कोण कावेरी?
तांडेलांची. मासळीवाली. जिच्याकडून
ही पोरगी रोज शाळा सुटल्यावर
तारले, लेपे, मुडदुशे असे शब्द विकत घेते,
म्हणजे फुकटच, पिशवी रिकामी.
जिला आम्ही छत्री दिली गेल्या एप्रिलात,
वर क्लबचं नाव, अध्यक्षांचा फोटो,
उन्हानं दोन्ही उडालेले.

कुणीतरी कपबशी उगाच फिरवली.
मुजावर म्हणाले, वर्गणी परवडायची नाही तिला.
फिलोमिनाबाई म्हणाल्या, विचारलंय कुणी?
मी लिहिलं : प्रश्नाची नोंद घेण्यात आली.
आणि पेन थांबलं.
कुणी घेतली?

माझा ओजस आत्ता तिच्या गावात आहे, तिच्याच खोलीत.
इथे सौंदाळ्याचा काटाही मी काढून द्यायची त्याला.
तिथे म्हणे मुलं शाळेनंतर धक्क्यावर जातात,
कॉडच्या जिभा कापतात, किलोवर पैसे.
परवा व्हिडिओवर त्यानं बोटं दाखवली,
लाल, चिरलेली. "आई, डॉक्टरचा मुलगाही कापतो इथे."
मी विचारलं, मलम आहे का.
मेडिकलवाली मी, दुसरं काय सुचणार.

सकाळी बाजारात गेले.
म्हटलं, गुरुवारी या, पाहुण्या म्हणून.
तिनं हातावरची खवलं झटकली,
सुरी इसवणाच्या मानेवर टेकवली तशीच ठेवली.
"गुरवारी साडेसाताक बर्फाची गाडी येता माझी.
तुमची सभा हयसर आणा.
मिया खंय पळान जातंय?"
आणि नको नको म्हणेपर्यंत चार बांगडे बांधून दिले.
"हे सगुणाक. तुमका न्हय."

पुढच्या सभेची सूचना आज काढायची आहे.
तारीख झाली. वेळ झाली.
स्थळ :
हात गोदामाकडे वळतो, सात वर्षांची सवय.
काउंटरवर गिऱ्हाईक उभं, खोकल्याचं औषध मागतंय,
पेनाला बांगड्याचा वास लागलाय.
स्थळ :
मी अजून लिहिलेलं नाही.